पोटमाळ्यावरची थ्री नॉट थ्री

वाचकाचं पत्र: काका, आमचं घर गुहागर तालुक्यात, खाडीकाठी. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर वाटण्यांचं बोलणं निघालं आणि दिरांनी पोटमाळा उपसला. तिथे गोणपाटात गुंडाळलेली लांब बंदूक निघाली. घरात सांगतात की आजेसासरे मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि साहेबानं खूश होऊन ही त्यांना बक्षीस दिली. परवाना कुणी पाहिलेला नाही. दिरांनी फोटो मुंबईतल्या एका ओळखीच्याला पाठवले. तो म्हणतो, एक संग्राहक साडेचार लाख द्यायला तयार आहे, पनवेलपर्यंत आणून द्या, कागदांचं मी बघतो. मला हे पटत नाही. ही खरंच युद्धातली आहे का? एवढी किंमत येते का? आम्ही काय करावं? फोटो पाठवते आहे. आणखी एक, तिच्याबरोबरचं पातं पडवीत ओंडक्यात उभं ठोकलंय, कित्येक वर्षं त्यावर नारळ सोलतो आम्ही. तेही त्यातलंच का?

ताई, पत्र छापायला जाण्याआधीच तुम्हाला फोनवर एक गोष्ट सांगितली होती, ती बाकीच्यांसाठी पुन्हा लिहितो. बंदूक आहे तिथेच राहू द्या. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारी मागची दांडी, ओढून बघू नका, घोड्याला हात नको, नळीच्या तोंडाशी डोळा तर नकोच. मॅगझीन रिकामं आहे असं दीर म्हणाले, पण मॅगझीन रिकामं असलं तरी नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये, गोळी असू शकते, आणि ती बाहेरून दिसत नाही. ऐंशी वर्षांचं काडतूस मेलेलंच असणार, या समजावर जाऊ नका. खोलीला कुलूप घाला, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. आणि पनवेल विसरा. गाडीच्या डिकीत थ्री नॉट थ्री घालून कशेडी घाट चढणारा माणूस पोलिसांना कितीही खरं सांगू दे, ते ऐकून घेणार आहेत थोडेच!

आता बंदुकीकडे येऊ. माझी नोकरी फौजेच्या वर्कशॉपात हत्यारं उघडण्या-जोडण्यात गेली, त्यामुळे फोटो बघायला घेतले ते जरा आवडीनंच. पहिला फोटो बोल्टच्या दांडीखालचा, जिथे लोखंडी कॉलर लाकडी दस्त्याला धरते. या जातीच्या रायफलीची कुंडली तिथेच लिहिलेली असते. तुमच्या फोटोत मुकुट आहे, खाली जी. आर. आय., मग 1942, आर. एफ. आय. आणि शेवटी मॉडेलचं नाव: नंबर एक, मार्क तीन, पुढे चांदणी. जी. आर. आय. म्हणजे राजा जॉर्ज, हिंदुस्थानचा सम्राट या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. आर. एफ. आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, कलकत्त्याच्या वर हुगळीकाठी, बराकपूरजवळ. ली-एन्फील्ड, म्हणजे आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो ती, मुळात विलायतेची रायफल, पण ही आपल्याकडे घडलेली आहे. स्वातंत्र्यानंतरही तो कारखाना हीच रायफल काढत राहिला, फक्त मुकुट गेला आणि तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. त्यामुळे कुणी सिंहाचा शिक्का असलेली बंदूक दाखवून "आजोबांनी आफ्रिकेत वापरली" म्हणालं तर चहा पाजा आणि निरोप द्या. चौकोनी मोठ्या मॅगझीनची, 7.62 मिलिमीटरची इशापूर तर 1962 च्या चीन युद्धानंतरची. तिचे फोटो महायुद्धातली म्हणून सर्रास फिरतात. मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावर बोलणं सोडून दिलंय.

शिक्का खरा की नंतर कुणी मारलेला, हे कळायला अक्षरांच्या कडा बघायच्या. कारखान्यातला शिक्का पंचाचा असतो. लोखंड दाबलं जातं, अक्षराच्या तळाशी आणि कडेला सारखाच जुना काळा रंग धरतो. गंजाचे खड्डे पडले तर ते अक्षराला ओलांडून जातात, कारण आधी अक्षर आणि मग गंज. नकली कामात उलटं दिसतं. खड्डे पडलेल्या जुन्या पृष्ठभागावर अक्षर कोरं करकरीत बसलेलं असतं, तळाशी लोखंड चमकतं, आणि छोट्या मशीनने कोरलं असेल तर रेघेची रुंदी मध्येच बदलते. तुमच्या 1942 मधल्या 4 च्या पायाशी गंजाचा एक खड्डा आहे, तो आकड्याच्या आतून बाहेर गेलाय. हा फोटो दिरांनी नकळत का होईना, फार चांगला काढलाय. शिक्का अस्सल आहे.

नकलीची दुसरी मोठी शाळा खैबर खिंडीच्या बाजूची. तिथल्या कारागिरांनी हातानं घडवलेल्या ली-एन्फील्ड इतक्या हुबेहूब असतात की चार हात लांबून मीही फसेन. पण इंग्रजी न येणाऱ्या माणसानं शिक्का बघून बघून उतरवलेला असतो. मग एखादा एन उलटा पडतो, कुठे स्पेलिंगमधलं अक्षर गळतं. सगळ्यात गंमत म्हणजे कधी मुकुटाखाली व्ही. आर. आणि शेजारी 1915 वगैरे साल. राणी व्हिक्टोरिया 1901 च्या जानेवारीत वारली. मेल्यावर ती बंदुकांवर शिक्के मारायला आलेली नाही. तुमच्या बंदुकीत असलं काही नाही.

म्हणजे अंग अस्सल. आता पुढचा प्रश्न, सगळे अवयव एकाच रायफलीचे का? एक नंबर नळीच्या मागच्या अंगावर, तोच बोल्टच्या दांडीच्या मुळाशी, तोच टोकाच्या लोखंडी टोपीवर, मागच्या साइटच्या पट्टीखाली असायला हवा. संग्राहक याला मॅचिंग नंबर म्हणतात आणि निम्मा भाव तिथे ठरतो. तुमच्या फोटोत अंगावरचा नंबर एक आणि बोल्टवरचा दुसराच. शिवाय बोल्टवरचा एक जुना नंबर काटलेला दिसतो. म्हणजे हा बोल्ट तिचा नाही, निदान जन्माचा नाही. पलटणीच्या दुरुस्तीत असं होतंही, पण मग आर्मरर, म्हणजे पलटणीचा हत्यारांचा मिस्त्री, नवा नंबर रायफलीशी जुळवून ठोकतो. इथे तो जुळवलेला नाही. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत तसाच घालून चालवणं धोक्याचं असतं, कारण गोळीच्या बुडाशी किती जागा राहते हे त्या जोडीवर ठरतं.

लाकूड बघितलं. दस्ता गडद, पुढचा भाग फिकट, आणि पुढच्या लाकडावर रंध्याच्या खुणा. ते गावच्या सुतारानं बसवलेलं सागवान आहे याबद्दल मला शंका नाही. काम सुबक केलंय, त्याला नावं ठेवणार नाही. मात्र चापाच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला जो स्क्रू बघून तुम्ही "मोडलेलं जोडलंय का" असं विचारलंत, त्याची काळजी सोडा. लाकूड फाटू नये म्हणून असा आडवा स्क्रू घालायची इशापूरची पद्धतच होती, आणि सुतारानं जुनं बघून नव्यातही तो घातला. नळीवर जाडसर काळा रंग आहे तोही दुरुस्तीत कारखान्यात लावत. लोक त्याला काजळी समजून खरवडतात आणि उरलीसुरली किंमत पुसून टाकतात.

यावरून सगळ्याच वाचकांना सांगतो. आपल्या खाऱ्या हवेत लोखंड टिकवायचं म्हणून घराघरात खोबरेल चोपडतात. सुरीला ठीक आहे. बंदुकीच्या यंत्रात ते वर्षानुवर्षं राहिलं की गोंदासारखं घट्ट होतं, धूळ धरतं आणि खालून गंज चालू राहतो तो राहतोच. लाकडाला काजूचं डिक, म्हणजे टरफलाचं तेल, लावलेली एक रायफल माझ्याकडे तपासायला आली होती. होडीला शोभेल असा काळा थर होता, त्याखाली सगळे शिक्के गडप. सँडपेपर, पितळ चकाकवायची पेस्ट, वॉर्निश, काहीही नको. गंजलेली पण न छेडलेली वस्तू चकाकवलेल्या वस्तूपेक्षा कधीही बरी.

मागे बुडाला पितळी पट्टी आहे, तिच्यात छोटं झाकण असतं. त्या पोकळीत तेलाची पितळी कुपी आणि नळी साफ करायची दोरी ठेवत, जिला फौजेत आम्ही फुलतरू म्हणतो. तुम्ही उघडू नका, पंचनाम्याच्या वेळी उघडतील. तिथे चिंध्या आणि कुपी मिळाली तर घरातल्या आठवणीपेक्षा तीच जास्त बोलेल.

आता इटलीची गोष्ट. आजेसासरे तिथे लढले असतील याबद्दल मी तिळमात्र शंका घेत नाही. कोकणातली पोरं मराठा पलटणीतून पूर्व आफ्रिकेत केरेनला होती, वाळवंटात होती, इटलीत होती. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचं स्मारक माणगावात आहे. पण साहेबानं रायफल बक्षीस दिली हे काही जमत नाही. रायफल सरकारची. कोतात, म्हणजे पलटणीच्या हत्यारांच्या कोठारात, तिचा नंबर, तो ज्याच्या नावावर त्याच्या सहीनं बाहेर येणार, सुट्टीवर जाताना परत जमा होणार. एक हरवली तर कोर्ट मार्शलपर्यंत जातं. साहेबाकडून घड्याळ मिळायचं, चिठ्ठी मिळायची, फार तर नोकरीची शिफारस. सरकारी थ्री नॉट थ्री नाही. आणि इटलीतून लढाईची निशाणी म्हणून कुणी काही आणलंच असतं तर ती शत्रूची असती, इटालियन कार्कानो किंवा जर्मन माउझर. इशापूरची बंदूक इटलीहून कशाला आणायची?

मग ही पोटमाळ्यावर आली कशी? मला माहीत नाही आणि अंदाजानं कुणाच्या आजोबांवर चिखल उडवणार नाही. पण गोष्ट आणि वस्तू वेगवेगळ्या तपासायच्या असतात. गोष्ट ऐकून वस्तूची किंमत वाढवणारे व्यापारी जगभर आहेत, आणि त्यांना सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे भरून आलेला नातू.

किंमत. ली-एन्फील्ड सगळ्या प्रकारच्या मिळून दीड कोटीहून जास्त बनल्या. दुर्मीळ नाहीत. जिथे अशा रायफली कायदेशीर विकल्या जातात, अमेरिकेत समजा, तिथेही इशापूरची, बोल्ट दुसऱ्याचा, लाकूड सुताराचं अशी बंदूक काही शे डॉलरच्या पलीकडे फारशी जात नाही. महाग असतात त्या वेगळ्या. उदाहरणार्थ नेमबाजांसाठी निवडून दुर्बीण बसवलेली नंबर चारची ‘टी’ रायफल. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं यातल्या बहुतेक तयार केल्या, आणि दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर ठोकलेला असतो. रायफल, दुर्बीण आणि तिची पेटी तिन्ही जुळली तर किंमत आकाशाला जाते, आणि म्हणूनच साध्या रायफलीवर दुर्बीण चढवून फसवणारेही सर्वात जास्त याच मालात. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेल्या जपानी अरिसाकावर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असतं, सम्राटाचं चिन्ह. शरणागतीनंतर बऱ्याच रायफलींवरचं ते घासून काढलं गेलं, त्यामुळे शाबूत फूल असलेलीला मान जास्त. जर्मन माउझरवर गरुडाचे छोटे शिक्के आणि कारखान्याचा सांकेतिक कोड असतो. तिथे एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या खास दलाच्या, खुणा नंतर ठोकण्याचा धंदाच चालतो, एवढा की अशी खूण दिसली की जाणकार आधी ती खोटीच धरतात.

तुमच्या बंदुकीची भारतातली किंमत मात्र यातल्या कशावरही ठरत नाही. थ्री नॉट थ्री आपल्याकडे प्रतिबंधित बोरात, म्हणजे नळीच्या बंदी असलेल्या मापात, मोडते. ती ठेवायचा परवाना सहजासहजी मिळत नाही, आणि ज्याच्याकडे तसा परवाना नाही त्याला ती विकताच येत नाही. म्हणजे कायदेशीर बाजार जवळजवळ नाही. साडेचार लाख देणारा माणूस एक तर कायदा जाणत नाही किंवा चांगला जाणतो, आणि दुसरी शक्यता जास्त वाईट. त्याला संग्रहात रस असता तर त्यानं तुम्हाला नंबर जुळतात का, नळी कशी आहे हे विचारलं असतं. त्यानं फक्त कुठे आणून देता एवढंच विचारलं. चालू बंदूक हवी असलेला माणूस असंच बोलतो. आणि "कागदांचं मी बघतो" हे वाक्य कानावर पडलं की फोन ठेवायचा. परवान्याचा कागद सरकारी कचेरीतून निघतो, पनवेलच्या नाक्यावर नाही.

अँटिक आहे, मग परवाना कशाला, हा युक्तिवाद दिरांनी केला असं तुम्ही फोनवर म्हणालात. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे 100 वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमची 1942 ची, ती त्यात बसतच नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुन्या धाटणीच्या हत्यारांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं राहिलेलं नसावं. तुमची बंदूक कुणीही जाणकार बोल्ट बदलून चालती करील. तेव्हा ती सूट तुम्हाला मिळेल यावर विसंबू नका. प्रतिबंधित शस्त्र बिनपरवाना जवळ ठेवल्याचं सिद्ध झालं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा 7 वर्षांपासून 14 वर्षांपर्यंत आहे. घाबरवायला सांगत नाही, पण साडेचार लाखांसमोर हा आकडा दिरांना दिसायला हवा.

काय करायचं ते सांगतो. आधी ट्रंका, फडताळं, देवघरातल्या कागदांच्या पिशव्या धुंडाळा. आजेसासऱ्यांच्या किंवा सासऱ्यांच्या नावचं परवान्याचं पुस्तक मिळालं, अगदी जीर्ण का असेना, तर गोष्ट बरीच सोपी होते. मिळो न मिळो, चिपळूण किंवा रत्नागिरीच्या फौजदारी वकिलाला सोबत घ्या आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या: अमुक दिवशी घर आवरताना हे हत्यार सापडलं, आम्ही हाताळलेलं नाही, येऊन ताब्यात घ्यावं. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच. पोलीस पाटलांना बरोबर घेतलंत तर उत्तम. बंदूक तुम्ही ठाण्यात नेऊ नका, त्यांना घरी येऊ द्या. शस्त्र कायद्याच्या कलम 21 मध्येच आहे की ज्याच्याकडे हत्यार ठेवणं कायदेशीर राहिलेलं नाही त्यानं ते विनाविलंब जमा करावं. जमा करणं आपल्याकडे काही नवीन नाही. निवडणूक लागली की शेतीरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका घेऊन लोक ठाण्यासमोर रांग लावतात आणि रानडुकरांना मोकळं रान मिळतं म्हणून कुरकुरतात. तुमच्या बाबतीत परत मिळण्याची आशा मात्र धरू नका.

नारळ सोलायचं पातं तिचंच असावं. बारा इंची, मधे खाच नसलेलं साधं पातं युद्धकाळात इशापूरनंही काढलं. जुनी संगीन 17 इंची आणि खाचेची असे. मुळाशी शिक्का असेल पण सोडणाच्या, म्हणजे नारळाच्या सालीच्या, पाण्यानं तो बहुधा गेला असणार. बाजारात याला कुणी विचारणार नाही. संगीनही कायद्याच्या शस्त्रांच्या यादीत आहे, म्हणून अर्जात तिचाही उल्लेख करा. त्यांनी नेली तर नारळ पहारीवर सोला.

दिरांना आणखी एक सांगा. मुंबईच्या माणसाशी झालेले मेसेज पुसू नका. वकिलाला दाखवा, तो म्हणेल तर ठाण्यातही द्या. पुसलेले मेसेज नंतर फार संशयास्पद दिसतात.

आणि बक्षिसाची गोष्ट तुम्हाला खरंच तपासायची असेल तर आजेसासऱ्यांचं डिस्चार्ज बुक शोधा. त्यात नंबर, पलटण, भरतीची आणि फौजेतून सुटल्याची तारीख, मिळालेली पदकं असतात. ते नसेल तर नाव, गाव आणि माहीत असेल तो नंबर देऊन रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, तिथून बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र कसं घालायचं ते सांगतील. अर्ज दिरांच्या नावानं करा, सख्खा नातू म्हणून त्यांना उत्तर लवकर येईल.